नऊशे चौरस मैल आणि अडीच हजार माणसं

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याच्या वायव्य भागात ग्रॅहम नावाची एक काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारण आपला तालुका समजा. मात्र तिला स्वतःचा शेरीफ असतो, स्वतःचं कोर्ट असतं, जमिनीच्या नोंदी आणि कर यांचा कारभार तिथेच चालतो, आणि वर निवडून दिलेले कमिशनर असतात. क्षेत्रफळ ८९९ चौरस मैल, म्हणजे सुमारे २,३३० चौरस किलोमीटर. मुंबई शहर आणि उपनगर मिळून जेवढी जागा होते, तिच्या जवळपास चौपट. एवढ्या जागेत २०२० च्या जनगणनेत माणसं भरली २,४१५. चौरस किलोमीटरला एक माणूस पडतो. आपल्याकडे एखाद्या बऱ्यापैकी लग्नाला याहून जास्त पानं उठतात.

१९१० साली याच काउंटीत ८,७०० लोक होते. म्हणजे एकशे दहा वर्षांत चारातली जवळजवळ तीन माणसं कमी झाली. असा आकडा दिसला की आपण लगेच दुष्काळ, नापिकी, ओसाड शिवार असं चित्र उभं करतो. इथे ते चित्र लागू पडत नाही. काउंटीवरून विमान गेलं तर खाली चौकटीचौकटींचा पट दिसतो. गहू, ज्वारी, गुरांची कुरणं, मध्येच तेल उपसणारा एखादा पंप. जमीन पिकते आहे, बहुधा १९१० पेक्षा चांगली पिकते आहे. घरं तेवढी नाहीत.

मला वाटतं आपण प्रश्नच उलटा विचारतो. माणसं का गेली हे कळायचं तर आधी इतकी माणसं तिथे आलीच कशी, हे बघावं लागतं.

कागदावरची जमीन

या भागात पूर्वी पॉनी, शायान, अरापाहो अशा मूळ रहिवासी जमातींच्या शिकारीच्या वाटा होत्या. उंच-सखल गवताळ माळ, त्यावर चरणारे बायसनचे कळप आणि मधून वाहणारी सॉलोमन नदीची दक्षिण शाखा. अमेरिकन सरकारबरोबरच्या १८६७ च्या मेडिसिन लॉज तहानंतर दक्षिणेकडच्या शायान आणि अरापाहोंना आजच्या ओक्लाहोमाकडे ढकललं गेलं. पुढच्या दहा वर्षांत बायसनही मारून संपवले. याच १८६७ साली ग्रॅहम काउंटीच्या सीमा नकाशावर आखल्या गेल्या. अमेरिकन यादवी युद्धातल्या चिकामोगाच्या लढाईत मारल्या गेलेल्या जॉन ग्रॅहम नावाच्या कॅप्टनचं नाव तिला मिळालं. कारभार मात्र सुरू झाला १८८० मध्ये. तोवर ती नुसती कागदावरची चौकट होती.

चौकट हा शब्द इथे अक्षरशः घ्यायचा. अमेरिकन सरकारने पश्चिमेकडची जमीन ओढा, टेकडी, चढ-उतार काही न बघता फुटपट्टीने आखली. सहा मैल लांब, सहा मैल रुंद असा एक तुकडा, त्याला म्हणायचं टाउनशिप. त्याचे एकेक चौरस मैलाचे ३६ भाग, म्हणजे सेक्शन. प्रत्येक सेक्शन ६४० एकरांचा, आणि त्याचे चार चतकोर केले की एकेक १६० एकरांचा. ग्रॅहम काउंटीत अशा टाउनशिप पाच ओळींत पाच-पाच बसवलेल्या आहेत. पंचवीस गुणिले छत्तीस, झाले नऊशे चौरस मैल. पृथ्वी गोल असल्यामुळे मोजणीत एखादा मैल इकडेतिकडे होतो, एवढंच.

त्यामुळे तिथल्या जमिनीचा पत्ता आपल्या सातबाऱ्यावरच्या गट नंबरापेक्षाही कोरडा असतो. निकोडेमस या गावाचा १८७७ सालचा पत्ता बघा: टाउनशिप ८, रेंज २१, सेक्शन १, वायव्येचा चतकोर. त्याचा अर्थ असा लावायचा. नेब्रास्काच्या सीमेपासून दक्षिणेकडे आठव्या ओळीत उतरा, ठरलेल्या एका रेखावृत्तापासून पश्चिमेकडे एकविसाव्या रकान्यात जा, तिथे ईशान्य कोपऱ्यातला पहिला चौरस मैल पकडा आणि त्याचा वरचा डावा तुकडा घ्या. एकही माणूस तिथे पोचण्याआधी प्रत्येक शेताला असा पत्ता होता.

१८६२ चा होमस्टेड कायदा याच चतकोरावर बेतलेला. नाममात्र फी भरा, १६० एकर घ्या, पाच वर्षं तिथे राहून जमीन कसा, मग ती तुमची. महाराष्ट्रात कोरडवाहू जमिनीची कमाल मर्यादा ५४ एकर आहे, तेव्हा १६० एकर फुकट हे ऐकूनच आपल्या तोंडाला पाणी सुटतं. युरोपातल्या कुळांना आणि पूर्वेकडच्या भूमिहीनांनाही सुटलं.

आता कायद्याचा हिशेब करून बघा. नऊशे चौरस मैल म्हणजे ३,६०० चतकोर. प्रत्येक टाउनशिपमधले १६ आणि ३६ नंबरचे सेक्शन शाळांसाठी राखून ठेवलेले असत, ते वजा केले तर राहिले ३,४००. चतकोरामागे पाच माणसांचं कुटुंब धरलं तर नुसते शेतकरीच सतरा हजार होतात. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर अशी भरलेली काउंटी होती. प्रत्यक्षात गर्दीच्या शिखरावरसुद्धा त्याच्या निम्मीच माणसं तिथे टिकली.

कारण आभाळाने हा कायदा वाचला नव्हता. १०० अंश पश्चिम रेखांश या काउंटीच्या पश्चिम भागातून जातो. या रेषेच्या पूर्वेला नुसत्या पावसावर शेती जमते, पश्चिमेला ती जुगार होते, असं ढोबळमानाने मानतात. ग्रॅहम काउंटीत वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही सरासरीने. आपल्या अवर्षणप्रवण पट्ट्यातल्या वाचकाला या ‘सरासरी’चा अर्थ फोडून सांगायला नको. ओहायोत ज्या १६० एकरांवर घर सुखाने चालायचं, तेवढ्यावर इथे कर्ज चढत जायचं. भूगर्भशास्त्रज्ञ जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८७८ मध्येच सरकारला अहवाल देऊन सांगितलं होतं की कोरड्या पश्चिमेत गुरं पाळून जगायचं तर कुटुंबाला २,५६० एकर, म्हणजे चार पूर्ण सेक्शन लागतील. ते कोणाला पटलं नाही. उलट नांगर चालला की त्याच्या मागोमाग पाऊस येतो, असा एक सिद्धांत त्या काळी भली शिकलेली माणसंही मांडत होती. जमीन आणि रेल्वेची तिकिटं विकणाऱ्यांना त्यात काहीच खटकलं नाही.

जमिनीतून येणारा धूर

या काउंटीतलं सगळ्यात प्रसिद्ध गाव तिच्या मुख्य ठाण्याचं, म्हणजे हिल सिटीचं नव्हे. ते आहे निकोडेमस, आणि ते वसवलं गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांनी.

१८६५ मध्ये यादवी युद्ध संपलं आणि गुलामगिरी कायद्याने गेली. पण दक्षिणेत मोकळ्या झालेल्या माणसाच्या हाती जमीन आली नाही. तो जुन्या मालकाच्याच शेतात वाट्याने राबत राहिला. १८७७ मध्ये केंद्राचं उरलंसुरलं सैन्यही दक्षिणेतून निघालं आणि संरक्षण संपलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये निकोडेमस टाउन कंपनी स्थापन झाली. डब्ल्यू. एच. स्मिथ हे कृष्णवर्णीय गृहस्थ आणि डब्ल्यू. आर. हिल हा गोरा जमीन-दलाल, हे तिचे मुख्य सूत्रधार. हिल सिटीतला ‘हिल’ तो हाच. कंपनीने जुलैमध्ये ‘कृष्णवर्णीय नागरिकांस’ म्हणून एक पत्रक छापलं आणि त्यात या जागेची तोंडभरून स्तुती केली: सॉलोमनचं खोरं, सुंदर ठिकाण, याहून चांगला मुलूख आम्ही पाहिला नाही. वर दिलेला सेक्शन-टाउनशिपचा पत्ता त्याच पत्रकातला.

सप्टेंबर १८७७ मध्ये केंटकीहून तीनशेवर माणसं आली. रेल्वेचं जवळचं स्टेशन एलिस. तिथून पन्नास-साठ किलोमीटर पायी. पोचल्यावर दिसला तो माळ. काही कुटुंबं लगेच परत फिरली.

पुढच्या वसंतात विलियाना हिकमन नावाची एक बाई नवऱ्याबरोबर आली. नवरा पाद्री. वाटेत एलिसला गोवराची साथ आली आणि त्यांच्या जथ्यातली मुलं दगावली. मग होकायंत्राच्या आधाराने, हरणांच्या आणि बायसनच्या पायवाटांवरून दोन दिवसांचा प्रवास. पुढे चालणारे पुरुष ओरडले, ते बघा निकोडेमस! ही आजारी. डोळे ताणून बघितलं तर काहीच दिसेना. कुठे आहे गाव, म्हणून विचारलं, तेव्हा नवऱ्याने जमिनीतून निघणाऱ्या धुराच्या रेघा दाखवल्या. लोक जमिनीत बिळं खणून राहत होते. त्या बिळांमधल्या चुलींचा तो धूर. मला रडू फुटलं, असं तिने पुढे म्हातारपणी सांगितलं.

बिळं, कारण लाकूडच नव्हतं. प्रेअरीवर, म्हणजे या गवताळ माळावर, झाडं फक्त ओढ्या-नदीच्या काठाला. टेकाडाच्या पोटात खोली खणायची, पुढची बाजू मातीच्या ढेपळांनी बंद करायची आणि वर फांद्या, गवत, माती पसरायची. ही ढेपळं म्हणजे गवताच्या मुळ्यांनी घट्ट विणलेली जमीन. विटांसारखी कापून काढता येते. इंधनाला बायसनचं, नंतर गुरांचं वाळलेलं शेण. गोवऱ्या आपल्याला काय नव्या, पण केंटकीच्या जंगलातून आलेल्या बाईला ते नवीन होतं. नांगर आणि घोडी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बऱ्याच जणांनी पहिली पेरणी कुदळ-फावड्याने केली. हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज जमातीच्या लोकांनी आपल्यातलं अन्न दिलं म्हणून गाव तगलं, असं तिथल्या आठवणींत सांगतात.

एवढं सोसूनही गाव उभं राहिलं, आणि दहा वर्षांत चांगलंच उभं राहिलं. चर्च, शाळा, हॉटेल, दुकानं, दोन वर्तमानपत्रं. इथून पुढे आलेले एडवर्ड मॅकेब १८८० मध्ये काउंटीचे पहिले क्लार्क झाले आणि १८८२ मध्ये अख्ख्या कॅन्ससचे लेखापरीक्षक म्हणून निवडून आले. राज्यपातळीचं पद मिळवणारे ते कॅन्ससमधले पहिले कृष्णवर्णीय. मतदार बहुसंख्य गोरे होते, हे ध्यानात घ्या.

मग आली रेल्वे. किंवा आली नाही, म्हणा. प्रेअरीवर रेल्वे म्हणजे बाजार. धान्य गाडीने पन्नास किलोमीटर न्यायचं तर भाडंच नफा खाऊन टाकतं. म्हणून गावं रेल्वेला आमिषं दाखवायची. निकोडेमसच्या टाउनशिपने १६,००० डॉलरचे रोखे द्यायचं मतदानाने ठरवलं. बोलणी फिसकटली. १८८८ मध्ये युनियन पॅसिफिकचा लोहमार्ग नदीच्या पलीकडून, गावापासून काही मैलांवरून गेला. तिथे मजुरांचा तळ पडला, त्याचं झालं बोग नावाचं गाव. निकोडेमसचे दुकानदार तिकडे गेले, काहींनी तर दुकानाची इमारतच उचलून नेली. गावाची भरभराट तिथे थांबली. मॅकेबही पुढे ओक्लाहोमाला निघून गेले.

निकोडेमसच्या या घसरणीत गोऱ्या रेल्वे कंपन्यांचा दुजाभाव किती आणि नदीच्या चढ-उताराचा हिशेब किती, यावर वाद आहेत. पण चुकलेल्या रेल्वेने मेलेली गोऱ्यांची गावंही प्रेअरीवर ढिगाने सापडतात. काउंटीचं जुनं मुख्य ठाणं मिलब्रुक आज नकाशावर नाही. आधी वादळाने झोडपलं, मग ठाणं हिल सिटीला गेलं, आणि गाव मिटलं.

गहू तोच, माणसं कमी

१८८० मध्ये काउंटीत ४,२५८ लोक होते, १८९० मध्ये ५,०२९, १९०० मध्ये ५,१७३. १८९० ते १९०० या दशकात फारशी वाढ नाही, कारण १८९० नंतर सलग दुष्काळ पडले आणि नांगरामागे पाऊस येतो म्हणणारे गप्प झाले. १९०० नंतर पाऊस सुधारला, गव्हाला भाव आला, आणि १९१० मध्ये ८,७०० चं शिखर गाठलं. तेव्हापासून उतरण. १९३० मध्ये ७,७७२, १९४० मध्ये ६,०७१, १९५० मध्ये ५,०२०.

१९३० च्या दशकातली घट समजायला सोपी आहे: मंदी, अवर्षण आणि नांगरून मोकळी झालेली माती उडवणारी धुळीची वादळं. पण त्याआधी आणि त्यानंतरही माणसं कमी होतच राहिली. त्याचं उत्तर गव्हाच्या वेळापत्रकात आहे.

इथला गहू थंडीचा. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायचा, बर्फाखाली झोपवायचा, वसंतात वर येतो आणि जूनच्या शेवटी-जुलैत कापणी. अनेक शेतकरी त्यानंतर रान वर्षभर मोकळं ठेवायचे, म्हणजे दोन वर्षांची ओल एका पिकाला मिळायची. याचा अर्थ १६० एकरांतले दरवर्षी ऐंशीच पिकात. शिवाय वर्षभरातलं खरं काम तीन-चार आठवड्यांचं, पेरणी आणि कापणी. घोड्यांच्या काळात त्या कापणीला माणसांची फौज लागे. कापणारे, पेंढ्या बांधणारे, मळणीयंत्रावरचे, आणि त्या सगळ्यांना तीन वेळा जेवू घालणाऱ्या बायका. कम्बाइन हार्वेस्टर आला आणि कापणी-मळणी एकाच यंत्रात झाली. एक माणूस चालवतो, दुसरा ट्रकने धान्य गावातल्या कोठारावर नेऊन टाकतो. झालं.

यंत्र महाग. ते परवडायचं तर जमीन जास्त हवी. शेजारचा म्हातारा झाला, मुलं शहरात, त्याचा चतकोर विकत घेतला किंवा खंडाने केला. असं दोन पिढ्या चाललं की शेत सहज हजार एकरांच्या पुढे जातं. हजार-बाराशे एकरांचं एक शेत धरलं तर सगळ्या काउंटीत मिळून पाचशेच्या आसपास शेतकरी मावतात. पॉवेल यांनी सांगितलेल्या गणिताच्या दिशेनेच काउंटी सरकली, फक्त मध्ये शंभर वर्षं आणि हजारो मोडलेले संसार गेले.

एकदा मात्र आकडा वर गेला: १९६० मध्ये ५,५८६. तो तेलाचा जोर. विहिरी खणताना माणसं लागतात, नंतर पंप एकटा मान हलवत बसतो.

शेतकरी पाचशे उरले की त्यांच्यावर जगणारे आपोआप कमी होतात. वाणी, न्हावी, लोहार, मास्तर. १९६० च्या दशकात कॅन्ससने छोट्या शाळा मोठ्या जिल्ह्यांत विलीन केल्या. शाळा गेली की तरुण जोडपं त्या गावात घर घेत नाही. शिकलेला मुलगा दक्षिणेला हेजला विद्यापीठात जातो, तिथून विचिटाला किंवा डेन्व्हरला. मागे उरलेल्यांचं वय वाढतं, आणि एक वेळ अशी येते की कोणी बाहेर गेलं नाही तरी लोकसंख्या घटते, कारण जन्मांपेक्षा मृत्यू जास्त होतात. राज्याने २०११ पासून अशा काउंट्यांत राहायला येणाऱ्यांना शैक्षणिक कर्ज फेडायला मदत सुरू केली. माणसं थोडीफार आलीही असतील. पण कारण जिथे शेताच्या आकारात आहे, तिथे अशा योजनेकडून किती अपेक्षा ठेवायची? २००० मध्ये २,९४६, २०१० मध्ये २,५९७, २०२० मध्ये २,४१५. त्यातले चौदाशे एकट्या हिल सिटीत.

आणि ज्वारी. ती आपल्या माणसाला तिथे ओळखीची वाटेल, पण ताट बुटकं, कणीस लाल-तपकिरी, आणि भाकरी कोणी थापत नाही. गुरांना घालतात, इथेनॉल काढतात. अमेरिकेत ज्वारी पिकवण्यात कॅन्ससचा पहिला नंबर लागतो. २०१२ च्या जूनमध्ये हिल सिटीला पारा ११५ अंश फॅरनहाइटवर, म्हणजे ४६ अंश सेल्सिअसवर गेला होता आणि सलग काही दिवस ते देशातल्या सर्वांत तापलेल्या ठिकाणांत होतं. अशा उन्हाळ्यात मका मान टाकतो, तेव्हा ज्वारी वाट बघत उभी राहते.

निकोडेमसचं पोस्ट ऑफिस १९५३ मध्ये बंद झालं, शाळा १९६० मध्ये. १९९६ मध्ये सरकारने गावातल्या पाच जुन्या इमारतींना राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला: दोन चर्च, शाळा, जुनं हॉटेल आणि १९३९ चा चुनखडीच्या दगडांचा टाउनशिप हॉल. २०२० च्या जनगणनेत गावात माणसं निघाली १४.

पण दरवर्षी जुलैच्या शेवटच्या आठवडाअखेरीला गाव भरतं. मूळचा हा मुक्तिदिनाचा सोहळा, पहिल्या वस्तीच्या वेळेपासूनचा. आता त्याला होमकमिंग म्हणतात. डेन्व्हर, टोपेका, कॅन्सस सिटी आणि त्याहून लांबून पहिल्या वसाहतकऱ्यांची खापरपणतवंडं येतात. शेकड्यांनी. मिरवणूक निघते, चर्चमध्ये प्रार्थना होते, हॉलमध्ये पंगती उठतात, कोण कोणाचा कोण याची उजळणी होते. त्यातल्या काहींच्या नावावर अजून इथली जमीन आहे, कसणारा दुसराच. गावात जन्मलेले व्हेरिल स्विट्झर १९५४ मध्ये ग्रीन बे पॅकर्सकडून अमेरिकन फुटबॉल खेळायला गेले, पुढे विद्यापीठात नोकरी केली आणि इथली शेतीही सोडली नाही.

अमेरिकेत जनगणना १ एप्रिलची धरतात. जुलैत आलेली ही माणसं मोजली जातात ती डेन्व्हरला.